वेगळा रूट काढून काय मिळणार?

धरमपेठकर: इंटरनेटची चावी अमेरिकेकडे आहे, भारतानं आपला वेगळा रूट (डॉट कॉम, डॉट इन अशा सगळ्या शेपटांची मूळ यादी) काढावा, असं काल इथे एकानं लिहिलं. वाचल्यापासून डोकं तापलंय. ही नावं सांभाळणारी संस्था म्हणजे आयकॅन. अमेरिकी सरकारचा तिच्यासोबतचा करार १ ऑक्टोबर २०१६ ला संपला. २०२२ मध्ये युक्रेननं रशियाचं डॉट आरयू काढून टाका म्हटलं, आयकॅननं साफ नकार दिला. ही यादी पुरवणाऱ्या रूट सर्व्हरची नावं तेरा, चालवणाऱ्या संस्था बारा, प्रती जगभर, आपल्या मुंबईतही. दोन रूट झाले तर एकच पत्ता टाकून मी बर्डीवरच्या एका दुकानात पोचीन आणि तुम्ही भलत्याच.

महालवाला: करार संपला, पण आयकॅन कॅलिफोर्नियातच आहे ना? रूटची यादी सांभाळणारी व्हेरिसाइनही अमेरिकी. डॉट कॉमची नावं तिथल्या सरकारी यंत्रणांनी कोर्टाच्या आदेशानं जप्त केली आहेत. १९९८ मध्ये तेव्हा ही नावं सांभाळणारे अमेरिकी संगणकतज्ज्ञ जॉन पोस्टेल यांच्या एका ईमेलवर आठ रूट सर्व्हर त्यांच्या मशीनकडे वळले होते. एवढं सगळं एका माणसाच्या शब्दावर!

कळमनावाला: रूटचं जाऊ द्या, माझं ऐका. बाबांचा संत्र्याचा धंदा. साइट बनवणाऱ्या पोरानं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं आणि पुण्याला निघून गेला. रिन्यूअलच्या नोटिसा त्यालाच जात राहिल्या. ऐन मृगबहारात साइट बंद. पुठ्ठ्याच्या शेकडो पेट्यांवर तोच पत्ता छापलेला. आई रात्री दोनपर्यंत एकेका पेटीवर मार्करनं पत्ता खोडून फोन नंबर लिहीत होती. बोटं काळी झाली होती तिची.

धरमपेठकर: डॉट कॉम होतं का भाऊ?

कळमनावाला: डॉट इन.

धरमपेठकर: म्हणजे डॉट इन सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेकडचं, आपल्याच देशातलं. चावी घरात असून नाव गेलंच ना?

महालवाला: काऊन विषय भरकटवता? त्या पोराचा हलगर्जीपणा अन् देशाचं सार्वभौमत्व एका तराजूत तोलता?

खामल्याची ताई: एकाच तराजूत आहे दादा. डॉट भारत देवनागरीत २०१४ मध्ये सुरू झालं. मी हौसेनं नाव घेतलं, देवनागरीतच ईमेल केला. मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म भरताना तो टाकला तर खाली लाल अक्षरात 'ईमेल चुकीचा आहे'. चार वेळा टाकला. शेवटी नवऱ्याचा इंग्रजी पत्ता दिला. रूटनं माझं नाव मान्य केलं, अडवलं ते इथल्याच कुणीतरी लिहिलेल्या फॉर्मनं. वेगळा रूट आणून तो फॉर्म सुधारणार आहे का?

महालवाला: नाही सुधारणार. चला, वेगळ्या रूटचा हट्ट सोडला. पण जप्तीचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, तेवढं लक्षात ठेवा.

धरमपेठकर: डॉट कॉमपुरतं तुमचं खरं आहे. तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

कळमनावाला: नवं नाव बाबांच्या ईमेलवर घेतलंय. जुन्या पत्त्याच्या दोनशे पेट्या अजून गोदामात पडून आहेत.