जुना चार नंबरचा रंधा: तळ अजून घासू की इथंच थांबू?

प्रश्न (नवीन_रंधेकरी):
जुन्या हत्यारांत एक चार नंबरचा लोखंडी रंधा हाती लागलाय, बेली पद्धतीचा, दोन इंची पात्याचा. गंज सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात ठेवून काढला. पात्याला धार लावली, हातावरचे केस सहज निघतात. आता जाड काचेवर ८० नंबरचा एमरी पेपर चिकटवून तळ घासतोय. पुढचं टोक, मागचं टोक आणि तोंडाच्या (पातं बाहेर येतं त्या फटीच्या) पुढची कड चकाकायला लागली, पण तोंडाच्या मागे एक पट्टा अजून काळाच आहे. फट मोजायच्या फीलर गेजची ०.०५ मिमीची पट्टी तिथं जाते.

लाकडावर चालवला की थरथरतो आणि लगेच तोंडात ढलप्या कोंबून बसतात. तळ सगळा एकसारखा चमकेपर्यंत घासत राहू का? शिवाय पातं कमी-जास्त बाहेर काढायचं मागचं पितळी चाक फार जड फिरतं.

सपाट_तळ:
घासाच. तळ सरळ नसेल तर लाकूड सरळ कसं येणार? मी मार्करने तळावर आडव्या रेघा मारतो आणि शेवटची रेघ पुसली जाईपर्यंत थांबत नाही. फक्त पातं आत ओढून, लिव्हर कॅप (पात्याला वरून दाबून धरणारं झाकण) नेहमीसारखी आवळून मग घासा. ताण बसला की ओतीव बॉडी किंचित वाकते, म्हणून मोकळी बॉडी घासण्यात अर्थ नाही.

जुनी_हत्यारं:
ताणाबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण नवीन_रंधेकरी, तुम्ही आता एमरी बाजूला ठेवा. टोक, तोंडाची पुढची कड आणि मागचं टोक एका पातळीत आलंय ना? मग तळाचं काम झालं. तोंडामागचा तो खोलगट पट्टा लाकडाला टेकतच नाही, त्रास कसला देणार? जपानी रंध्यांच्या तळाला तर अशा खोलगट जागा मुद्दाम करतात. खळगा तोंडाच्या लगेच पुढे असता, किंवा तळ मधे फुगलेला असता, तर मीच घासा म्हटलं असतं.

तुमची दोन्ही दुखणी वरची आहेत. लेनर्ड बेलीच्या रचनेत पातं जेमतेम २ मिमी जाड असतं. (त्याचे हक्क स्टॅन्ली या अमेरिकन हत्यार कंपनीने १८६९ साली घेतले, रचना बहुतांशी तीच चालत आलीय.) पातळ पातं पटकन धारेवर येतं, पण स्वतःच्या जिवावर ताठ राहत नाही. त्याला खालून फ्रॉगचा (पातं टेकतं तो उताराचा ठोकळा) आणि वरून चिपब्रेकरचा (पात्यावर स्क्रूने आवळलेली पट्टी) पक्का आधार लागतो. तो कुठे सुटला की थरथर आलीच.

फ्रॉग काढा. बसायच्या जागेवरचा जुना रंग, भुसा, गंज खरवडून काढा. मग स्क्रू न लावता ठेवून कोपऱ्यांवर बोटं दाबा. जरासुद्धा डुलता कामा नये. बसवताना फ्रॉगचा उतार तोंडाच्या मागच्या कडेशी एका रेषेत आणा, म्हणजे पात्याला धारेजवळपर्यंत आधार मिळतो. तोंड बारीक करायच्या नादात फ्रॉग पुढे सरकवू नका.

आता चिपब्रेकर. यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. पात्यावर घट्ट बसवून दोन्ही उजेडाकडे धरा आणि सांध्यातून बघा. उजेडाची एक केसाएवढी रेघ दिसली तरी लाकडाची पहिली साल तिथं शिरते, तिच्यामागे दुसरी, आणि तोंड तुंबतं. चिपब्रेकरची खालची बाजू सहाणेवर घासा, पण मागचं टोक सहाणेच्या पातळीपेक्षा थोडं खाली धरून. म्हणजे फक्त पुढची कड पात्याला टेकेल. वरचा उतारही गुळगुळीत करा, साल घसरून बाहेर पडली पाहिजे. रोजच्या कामाला चिपब्रेकर धारेच्या अर्धा मिमी मागे, आणि तंतू उलटे येणाऱ्या लाकडाला ०.१ ते ०.२ मिमी. इतका जवळ आणला की लाकूड उपटत नाही आणि साल गुंडाळी न होता सरळ वर उठते. ते बघायला मला आजही फार आवडतं.

आटेवाला:
चाकाबद्दल. या रंध्यांच्या चाकाला बहुतेक वेळा उलटे आटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवलं की बाहेर येतं. नेहमीच्या सवयीने पक्कड लावून उलट दिशेला ओढू नका, पितळ आहे, खराब होईल. गंज सोडवायचं तेल रात्रभर सोडा, चाक काढा, दांड्याचे आटे ताठ ब्रशने साफ करा. आणि आधी लिव्हर कॅपचा स्क्रू थोडा सैल करून बघा, तो जास्त आवळला असला तरी चाक जड जातं.

नवीन_रंधेकरी:
उजेडाकडे धरलं तर डाव्या कोपऱ्यात स्वच्छ फट दिसली! घासून ती घालवली. फ्रॉगखाली रंगाचा एक टणक खडा होता, तोही खरवडला. थरथर गेली, तोंड तुंबत नाही. लिव्हर कॅप सैल केल्यावर चाकही बोटाने फिरतंय. साल मात्र फक्त उजवीकडून निघते.

जुनी_हत्यारं:
पातं तिरकं बसलंय. फ्रॉगवरची डावी-उजवीकडे सरकणारी पट्टी जरा जरा सरकवत जा. एक अरुंद फळीचा तुकडा घ्या, तो आधी तोंडाच्या डाव्या कोपऱ्याखालून, मग उजव्या कोपऱ्याखालून चालवा. दोन्हीकडून सारख्याच जाडीची साल आली की पातं सरळ. आणि तळावर मेणबत्तीच्या दोन रेघा ओढा, ढकलताना हाताला फरक लगेच कळेल.