सल्ला हवा: 24 बाय 17 च्या बैठकीसाठी ॲम्प्लिफायर आणि स्पीकर

अंगणवारा (परभणी)

नमस्कार मंडळी. घर नवीन बांधलंय. बैठक 24 बाय 17 फूट, उंची 11 फूट. खाली व्हिट्रिफाइड टाइल, अंगणाच्या बाजूला काचेची मोठी सरकती दारं, भिंती अजून कोऱ्याच आहेत. सध्या ब्लूटूथ स्पीकरवर काम चालू आहे, पण आवाज नुसता घुमायलाय, शब्द कळत नाहीत. अण्णांना भीमसेनजींचे अभंग, नाट्यपदं आणि नाथराव नेरळकर गुरुजींच्या रेडिओवरून टेप केलेल्या मैफली ऐकायच्या असतात. मुलं सिनेमाची गाणी लावतात. टीव्हीपेक्षा गाणं जास्त. सोफा स्पीकरपासून 13-14 फुटांवर येईल. बजेट सगळं मिळून दीड लाख.

इथला दुकानदार म्हणायलाय, हॉल मोठा आहे, 15 इंची टॉप (मंडपात लावतात ते मोठे स्पीकर) आणि 1000 वॅटचा ॲम्प्लिफायर घ्या. दुसरा म्हणतो 5.1 होम थिएटर घ्या. काय करावं?

मंद्रसप्तक (छत्रपती संभाजीनगर)

दोन्ही नको. आणि पैसे मोजण्याआधी खोलीकडं बघा.

बैठकीत मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीमागं फडफडल्यासारखी शेपटी ऐकू आली, तर समोरासमोरच्या कोऱ्या भिंती आवाज एकमेकींकडं टोलवायल्यात असं समजा. तुमच्या खोलीत साधारण 127 घनमीटर हवा आहे. टाइल, काच आणि प्लास्टर आवाज जवळजवळ पीतच नाहीत. शोषण जेमतेम 10 चौरस मीटरचं, म्हणजे सगळा आवाज पिणाऱ्या तेवढ्या पृष्ठभागाइतकं असेल, तर सॅबिनच्या सूत्रानं आवाज विरायला दोन सेकंद लागतात. तेच 30 वर नेलं की पाऊण सेकंदाच्या आत येतो. दोन सेकंदांच्या घुमण्यात तानेतला एक सूर विरायच्या आत पुढचे चार येऊन पडतात. लाखाचा स्पीकर आणला तरी ही गोष्ट बदलत नाही.

म्हणून दीड लाखातले पंधरा-वीस हजार खोलीसाठी बाजूला काढा. काचेच्या दारांना भरपूर चुण्यांचे जाड पडदे, स्पीकर आणि सोफ्याच्या मधल्या फरशीवर जाड गालिचा, सोफा रेक्झिनचा नको, कापडी घ्या. सोफ्यामागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट फार कामाला येतं. घरात जुन्या जाड वाकळा असतील तर एखादी चांगली बघून भिंतीवर टांगा, मागं तीन-चार इंच मोकळी जागा सोडून. त्या मोकळ्या जागेमुळं खालचे सूरही थोडे जास्त शोषले जातात.

आता वॅट. स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, म्हणजे 1 वॅट दिल्यावर 1 मीटरवर किती डेसिबल. 89 चा स्पीकर धरा. 4 मीटरवर 12 डेसिबल कमी होतात, जोडीमुळं 3 आणि खोलीमुळं अंदाजे 3 परत मिळतात. म्हणजे सोफ्यावर 1 वॅटला साधारण 83. नाट्यपदातल्या चढत्या तानेला 100 डेसिबलपर्यंत जायचं म्हटलं तरी 50 वॅट पुरतात. स्पीकर 86 चा घेतला तर त्याच आवाजाला 100 वॅट लागतील, कारण दर 3 डेसिबलला वॅट दुप्पट. त्यामुळं मोठ्या खोलीत सेन्सिटिव्हिटी आधी बघायची, वॅट नंतर.

अण्णांसाठी अजून एक महत्त्वाचं. काळी एकच्या पट्टीत तानपुऱ्याचा षड्ज 138 हर्ट्झच्या आसपास, खर्ज त्याच्या निम्मा, 69. चार इंची वूफरच्या (खालचे सूर वाजवणाऱ्या पडद्याच्या) छोट्या स्पीकरला हा खर्ज एवढ्या मोठ्या खोलीत नीट भरता येत नाही. मग गाणं अधांतरी वाटतं, कशामुळं ते कळत नाही. म्हणून उभे टॉवर स्पीकर घ्या. व्हार्फडेल डायमंड 12.3 ऐका, 89 डेसिबलचा आहे, ॲम्प्लिफायरवर ताण आणत नाही. सोबत यामाहा ए-एस 501: 8 ओहमला दर चॅनल 85 वॅट, ऑप्टिकल इनपुट आहे, टेप डेक जोडता येतो, पुढं सबवूफर (फक्त अगदी खालचे सूर वाजवणारा वेगळा डबा) लावायचा झाला तर त्याचीही सोय आहे. माझं मत ही जोडी.

भोंगा ते बॉक्स (नांदेड)

मी मंडपाचं साउंड करतो, टॉप माझ्या रोजच्या वापरातले आहेत. तरी सांगतो, घरात नका लावू. ते मैदानात पन्नास-शंभर फुटांवर आवाज पोचवायला बनवलेले असतात. हॉर्नचा आवाज जवळून आणि हळू आवाजात चरचरीत लागतो, गाणाऱ्याचा 'स' टोचतो. वर आमच्या ॲम्प्लिफायरच्या पंख्याची घरघर. पहाटेच्या रागाला ती कशी चालेल? 1000 वॅट पीएमपीओ (जाहिरातीतला फुगवलेला आकडा) असेल तर तो सोडूनच द्या, आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे वॅट किती ते विचारा.

लाइटीचं मात्र आधी बघून घ्या. परभणीत काय, आमच्याकडं काय, संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज खाली-वर होतं. स्टॅबिलायझर लावा. अर्थिंग खरोखर आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या, नुसती तीन पिनची सॉकेट असून भागत नाही. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ॲम्प्लिफायर चालवू नका, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. प्युअर साइन वेव्ह असेल तर हरकत नाही. मेमध्ये आपल्याकडं 42-43 डिग्री असतं. बंद शोकेसमध्ये ॲम्प्लिफायर कोंडू नका, वर वीतभर जागा मोकळी ठेवा.

स्पीकर वायरवर हजारो रुपये घालू नका. घराच्या फिटिंगची 2.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर चालते. 10 मीटर लांब नेली तरी जाऊन-येऊन 0.15 ओहम रेझिस्टन्स. 8 ओहमच्या स्पीकरला त्यानं फरक पडत नाही.

काळी जमीन (लातूर)

मंद्रसप्तक, थोडा वेगळा विचार मांडतो. टॉवरऐवजी साडेसहा इंची बुकशेल्फ (स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर) आणि एक चांगला सबवूफर का नको? सब खोलीत जिथं बास सपाट येतो तिथं सरकवता येतो. टॉवर जिथं उभा केला तिथंच बास.

आणि जुने स्पीकर घेणार असाल तर वूफरच्या कडेला हलकं बोट लावून बघा. फोमची कड आपल्या उन्हाळ्यात काही वर्षांत भुगा होते, रबराची टिकते.

मंद्रसप्तक

मुद्दा बरोबर आहे, सिनेमासाठी मीही तेच म्हटलं असतं. पण सब आणि स्पीकरचा सांधा जुळवणं कटकटीचं. तो 80 हर्ट्झच्या जवळ चुकला की डग्ग्याची मींड अर्धी एका डब्यातून आणि अर्धी दुसऱ्यातून येते. घरात कुणी धीरानं जुळवणारं असेल तर जरूर करा. अण्णांनी बटण दाबलं की गाणं सुरू व्हावं, एवढंच हवं असेल तर टॉवर.

अंगणवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. टाळी वाजवून बघितली, अगदी तसंच फडफडतं. पडदे आणि गालिचा आधी करतो. अण्णांना घेऊन संभाजीनगरला ऐकायला येईन म्हणतो. दुकानात काय ऐकावं? आणि घरी आणल्यावर ठेवायचे कसे?

मंद्रसप्तक

अण्णांना तोंडपाठ असलेलीच गाणी न्या. दुकानातली चकचकीत डेमो गाणी सगळ्याच स्पीकरवर छान लागतात. आधी हळू आवाजात ऐका, शब्द स्पष्ट आहेत का बघा. मग पखवाज असलेला एखादा अभंग, थाप पडून लगेच थांबते का रेंगाळते ते बघा. दोन जोड्यांची तुलना करताना आवाज सारखा ठेवायला सांगा, जो थोडा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. आणि निर्णय अण्णांना करू द्या.

घरी 17 फुटी भिंतीला ठेवा, मागं दीड-दोन फूट जागा सोडून, दोघांत साधारण 9-10 फूट अंतर, तोंडं किंचित सोफ्याकडं. सोफा मागच्या भिंतीला चिकटवू नका. वायर लावताना लाल-काळं दोन्हीकडं सारखं. एका बाजूला उलट लागलं की बास नाहीसा होतो आणि गवयाचा आवाज मधोमध यायच्या ऐवजी खोलीभर पसरतो. तसं झालं तर स्पीकर बदलायला धावू नका, एका बाजूची वायर फिरवून बघा.