'नेशन ऑफ मिलियन्स'मधले शब्द हवेत, गोंगाट नको?

सूरपारंब्या
जुन्या रॅपवर परवा बोलणं चाललं होतं, तेव्हा दोघातिघांनी एकच गोष्ट लिहिली: पब्लिक एनिमी या अमेरिकी रॅप गटाचा १९८८चा अल्बम 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टु होल्ड अस बॅक' वाचायला भारी, ऐकायला नको. शब्द जबरदस्त, पण मागे नुसता गोंगाट. मला हे अजिबात पटलेलं नाही. तो गोंगाट काढलात तर हातात फक्त भाषण उरेल.

त्यातलं 'रेबेल विदाउट अ पॉझ' लावून बघा. किटलीच्या शिट्टीसारखी एक किंचाळी सुरू होते. फंक गायक जेम्स ब्राउनच्या वादकांचा जे.बी.ज नावाचा संच होता, त्यांच्या १९७०च्या 'द ग्रंट'मधला तो सॅक्सोफोन. मूळ गाण्यात तो सूर येतो नि जातो. इथे फिरून फिरून तोच. कान सुटकेची वाट बघत राहतो. लाँग आयलंडवरच्या काळ्या पोरांना रेगनच्या अमेरिकेत काय वाटत होतं ते गटाचा मुख्य रॅपर चक डी सांगतोच, पण त्याने तोंड उघडायच्या आधी ती किंचाळी सांगून मोकळी झालेली असते.

आणि हे ठरवून केलेलं काम आहे. हँक शॉकली, कीथ शॉकली, एरिक सॅडलर आणि स्वतः चक डी, म्हणजे बॉम्ब स्क्वॉड, या अल्बमचं संगीत रचणारी मंडळी. जुन्या गाण्यांचे तुकडे भरून वाजवणाऱ्या त्या काळच्या एसपी-१२०० मशीनमध्ये सगळा मिळून जेमतेम १० सेकंदांचा आवाज मावायचा. म्हणून मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५च्या वेगाने फिरवून तुकडा कमी वेळात भरून घ्यायचा आणि मशीनवर त्याचा वेग परत खाली उतरवायचा, अशी युक्ती तेव्हा सर्रास चालायची. त्यात आवाज खरखरीत व्हायचा. या मंडळींना ती खरखर हवीच होती.

तालमणी
मी तबला शिकतो, त्यामुळे माझा कान आधी ठेक्याकडे जातो. 'रेबेल'खाली आणि 'ब्रिंग द नॉइज'खालीही जो ठेका आहे तो जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' गाण्याचा, त्याचा ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्डने वाजवलेला. असंख्य गाण्यांनी तो उचलला, पण त्या ठेक्याची रॉयल्टी त्याला मिळाली नाही. अन्यायाविरुद्धचं गाणं ज्याच्या हातावर उभं आहे, त्यालाच दमडी नाही. याला तुम्ही कलाकुसर म्हणता, मला त्रास होतो.

सूरपारंब्या
त्रास रास्तच आहे. पण गाण्याचा कर्ता म्हणून नाव जेम्स ब्राउनचं होतं. रीतसर परवानगी घेऊन पैसे भरले असते तरी स्टबलफील्डच्या हाती काही लागलं नसतं. दोष त्याआधीच्या करारात आहे. १९९१ साली दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा विनापरवाना वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्कीविरुद्ध न्यायालयाचा निकाल लागला आणि त्यानंतर तुकड्यातुकड्याचे पैसे मोजणं आलं. असा अल्बम करणं परवडेनासं झालं, तेव्हाही वादक कोरडाच राहिला.

ओवी
गोंगाटाबद्दल तुमच्याशी सहमत, पण शब्दांना सगळेच इतक्या सहज पास का करताय? 'ब्लॅक स्टील इन द अवर ऑफ केऑस' मला पाठ आहे. गाण्यातल्या नायकाला सैन्यात भरतीचं सरकारी पत्र येतं, तो नकार देतो, तुरुंगात जातो, तिथून पळायचा बेत रचतो. मागे सोल गायक आयझॅक हेजच्या गाण्यातला तो पियानो, एकाच जागी येरझारा घालणारा. अंगावर काटा येतो. आणि मग एक महिला रक्षक पळू बघते, तिला तो दोन गोळ्या घालतो आणि गाणं तसंच पुढे जातं. 'शी वॉच चॅनल झीरो' तर सबंध गाणंच टीव्हीपुढे बसणाऱ्या बाईला झापण्यासाठी. क्रॅक हे कोकेनचं ड्रग विकणाऱ्या आपल्याच माणसांना 'नाइट ऑफ द लिव्हिंग बेसहेड्स'मध्ये धारेवर धरायची हिंमत यांच्यात होती. घरातल्या बाईकडे बघताना ती कुठे गेली? दुसऱ्या वर्षी, १९८९मध्ये, गटातला प्रोफेसर ग्रिफ ज्यूंबद्दल जे द्वेषाचं बोलला तेही विसरू नका.

झीलकरी
माझा मुद्दा वेगळा. चक डीचा जोडीदार रॅपर फ्लेवर फ्लेवला लोक गळ्यात घड्याळ घातलेला विदूषक समजतात. मला त्याच्यात झीलकरी दिसतो. शाहिराने ओळ टाकायची, मागच्याने ती झेलून वर उचलायची. चक डीचा आवाज सलग दीड मिनिट ऐकला की जड होतो. फ्लेव मध्ये घुसला की श्वास मिळतो. आणि अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ज्या ब्लॅक पँथरांचा वारसा हा गट सांगतो, त्यांच्यावरूनच १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं. म्हणून मला हा अल्बम परका वाटत नाही.

सूरपारंब्या
झीलकरी, हे फार आवडलं.
ओवीताई, त्या गोळ्यांच्या ओळीवर माझ्याकडे उत्तर नाही. ग्रिफच्या बोलण्याचं समर्थन तर कधीच करणार नाही. पण 'चॅनल झीरो'मध्ये स्लेयर या मेटल बँडची गिटार ज्या दणक्याने येते, तो दणका मला अजूनही सोडवत नाही.

ओवी
दणका मलाही आवडतो. म्हणूनच त्याचा रोख माझ्यावर आला की जास्त लागतं.