वजन उतरल्यावर भूक वाढते, ती पुन्हा कमी होते का?

मध्यमा
आहार आवरून वजन साधारण १२ टक्के उतरवलं, सध्या स्थिर आहे. पण भूक सुरुवातीपेक्षा जास्त लागते. पोटभर जेवूनही दोन तासांत काहीतरी खावंसं वाटतं. 'शरीराला सवय होईल' असं सगळे सांगतात. खरंच होते का? हार्मोन्स पूर्ववत कधी होतात, आणि तोवर काय करायचं?

अनुस्वार
सवयीच्या भरवशावर राहू नका. २०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. १० आठवडे अत्यल्प कॅलरींचा आहार दिल्यावर सहभागींचं वजन सरासरी १३.५ किलो उतरलं. भूक आवरणारं लेप्टिन हे हार्मोन जवळपास ६५ टक्के घसरलं, भूक वाढवणारं घ्रेलिन वाढलं आणि तृप्तीचा संदेश देणारी पीवायवाय, सीसीके ही हार्मोन्स कमी झाली. वर्षभराने पाहिलं, तेव्हा थोडं वजन परत आलेलं असूनही लेप्टिन मूळ पातळीपेक्षा सुमारे ३५ टक्के कमीच होतं आणि भूक वाढलेलीच होती.

लेप्टिन चरबीच्या पेशींतून येतं. त्यावरून हायपोथॅलॅमसला (मेंदूतल्या भूक सांभाळणाऱ्या भागाला) साठा किती उरलाय ते कळतं. चरबी घटली की ते घटणारच. शिवाय उष्मांकांची तूट (खर्चापेक्षा कमी खाणं) चालू असताना ते चरबीच्या प्रमाणापेक्षाही जास्त पडतं. तूट थांबवली की हा वरचा हिस्सा भरून येतो. म्हणून भूक थोडी निवळेल, पण वजन कमी आहे तोवर लेप्टिन जुन्या पातळीवर जाणार नाही. यात मनाचा कमकुवतपणा कुठेही नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा.

खडूफळा
भर घालतो. अमेरिकेतल्या केव्हिन हॉल यांच्या गटाने २०१६ मध्ये गणित मांडलं: उतरलेल्या प्रत्येक किलोमागे भूक रोज अंदाजे १०० कॅलरींनी वाढते, तर शरीराचा खर्च फक्त २० ते ३० कॅलरींनी घटतो. म्हणजे १० किलोमागे खर्चात २००-३०० ची घट आणि खाण्याची ओढ १००० ची! आकडे सरासरीचे आहेत, पण लोक 'मेटॅबॉलिझम मंदावलं' म्हणत बसतात आणि खरं ओझं भुकेचं असतं.

केतकी_२
आता करायचं काय ते. तूट आधी बंद करा. वजन टिकवायच्या टप्प्यातही बरेच जण नकळत कमी खात राहतात आणि मग आठवड्यातून एकदा बांध फुटतो. रोजच्या खाण्यात एकदाच १००-१५० कॅलरींची वाढ करा, दोन आठवडे वजनाची साप्ताहिक सरासरी बघा, स्थिर असेल तर पुन्हा तेवढंच वाढवा.

प्रथिनं दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम, आणि ती सगळ्या जेवणांत वाटून, प्रत्येक वेळी २५-३० ग्रॅम. दिवसभराची बहुतेक प्रथिनं रात्रीच्या जेवणात कोंबली तर दुपारची भूक तशीच राहते. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच.) तंतुमय पदार्थ २५-३० ग्रॅम, पण हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगतं. उष्मांक पिऊ नका, चावून खा.

जेवणाच्या वेळा ठरवून ठेवा. घ्रेलिन नेहमीच्या वेळेआधी चढतं. वेळा रोज बदलल्या तर भूक कधीही डोकं वर काढते. झोप किमान सात तास: सलग दोन रात्री चारच तास झोपलेल्या तरुणांमध्ये घ्रेलिन २८ टक्के वाढलं आणि लेप्टिन १८ टक्के घटलं, असं २००४ च्या एका छोट्या प्रयोगात दिसलं. आठवड्यात दोन-तीनदा वजनं उचलण्याचा व्यायाम करा, त्याने स्नायू टिकतात.

अनुस्वार
एक सावधगिरी. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली गोळी चालू असेल आणि भुकेबरोबर थरथर, घाम येत असेल, तर लगेच साखर तपासा. वजन उतरल्यावर जुना डोस जास्त ठरू शकतो. आणि सेमाग्लुटाइड (भूक कमी करणारं औषध) घेत असाल तर ते मनाने थांबवू नका. मोठ्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं.

मध्यमा
मग घ्रेलिन, लेप्टिनची रक्ततपासणी करून घेऊ का?

खडूफळा
नको. घ्रेलिन दिवसभर वरखाली होतं, त्याचं सक्रिय रूप नमुन्यात लवकर विघटित होतं, आणि आकडा काहीही आला तरी उपाय तेच राहतात. त्याऐवजी दोन आठवडे प्रत्येक जेवणाआधी आणि तीन तासांनी भुकेला ० ते १० गुण द्या. कोणत्या जेवणानंतर गुण पटकन चढतात ते दिसेल. बदल त्याच जेवणात करा.