‘कायदेशीर मदत’, ‘छळ’ आणि ‘वकीलपत्र’: राजकीय कैद्यांच्या बाजूचे शब्द

(शब्दांवरच्या एका मंचावरची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पानोपानी

एका पत्रकाचा अनुवाद हातात आहे. पानं चारच, पण तीन दिवस मथळ्यापाशीच अडकले आहे. राजकीय मतांमुळे किंवा आंदोलनामुळे ज्यांच्या मागे अटक, स्थानबद्धता, तडीपारी, एकामागून एक खटले असं काहीतरी लागलं आहे, त्यांना फुकट वकील मिळवून देणाऱ्या चारपाच वकिलांचं हे पत्रक. मी मथळा केला होता, ‘राजकीय पीडितांना कायदेशीर मदत’. नवऱ्याने चहा पिता पिता वाचला आणि विचारलं, "मग बेकायदेशीर मदत कोण देतंय?"

झालं. तिथून सगळंच खटकायला लागलं. मूळ शब्द ‘पर्सिक्युशन’. कोशात पाहिलं तर छळ. पण ‘छळ’ म्हटलं की मला सासू दिसते, हुंडा दिसतो, रॉकेलचा स्टोव्ह दिसतो. सरकार दिसत नाही. ‘दडपशाही’ करावं तर ती सगळ्या जनतेवर होते, एका माणसाच्या मागे हात धुऊन लागणं त्यात येत नाही. ‘पीडित’ हा शब्द बातम्यांनी एकाच गुन्ह्याला बांधून टाकलाय. ‘बळी’ म्हणावं तर माणूस मेलाच. आणि ‘ॲडव्होकसी’ला काय म्हणू? ‘वकिली’ म्हटलं तर फी आठवते.

सुचवा काहीतरी. पत्रक जेलच्या गेटवर, मुलाखतीच्या रांगेत वाटायचं आहे. प्राध्यापकांसाठी नाही, हे लक्षात ठेवा.

काळा कोट

ताई, तुमचे यजमान बरोबर आहेत. ‘कायदेशीर’ म्हणजे कायद्याला धरून असलेलं: कायदेशीर लग्न, कायदेशीर वारस, कायदेशीर बांधकाम. मदत कायद्याच्या बाबतीतली असेल तर ती ‘कायदेविषयक’ किंवा ‘कायद्याची’. हिंदीतल्या ‘कानूनी सहायता’मुळे आणि वर्तमानपत्री घाईमुळे आपण सरसकट ‘कायदेशीर सल्ला’ लिहायला लागलो. सल्ला बेकायदेशीरही असतो, पण तो देणाऱ्याची सनद जाते.

सरकारी पाटीवर ‘विधी सेवा’ असतं. 1987चा कायदा, अंमल 9 नोव्हेंबर 1995 पासून, त्यातून आलेली ‘विधी सेवा प्राधिकरणं’. आमच्या कोर्टात एका म्हाताऱ्या बाई ती पाटी वाचून पूजेचं सामान मिळतं का विचारायला आल्या होत्या. चूक त्यांची नाही. मराठी घरात विधी म्हणजे लग्नातले किंवा दहाव्याचे. हल्ली त्यात ‘लोकअभिरक्षक’ही आले आहेत, म्हणजे गरीब आरोपींसाठी प्राधिकरणाने नेमलेले पगारी वकील. काम चांगलं आहे, पण आरोपी आम्हाला विचारतो, "साहेब, ते लोक अभी रक्षक म्हणजे आत्ताचे रक्षक का?"

एक मात्र पत्रकात ठळक घाला. त्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे जो कोठडीत आहे त्याला फुकट वकील मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आत आहे एवढं पुरे. राजकीय, बिगर राजकीय असा भेदही त्यात नाही. रांगेतल्या निम्म्या लोकांना हे ठाऊक नसतं.

‘फुकट वकील’ असंच लिहा. ‘मोफत’ चालेल. ‘निःशुल्क’ नको.

पोथीनिष्ठ

‘छळ’ सोडू नका. तुम्हाला सासू दिसते ती अलीकडची. हा शब्द संस्कृत ‘छल’वरून आला आणि तिथे त्याचा अर्थ मारहाण किंवा जाच नाही, तर कपट. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, तर छल हा वादातला एक ठरलेला दोष आहे: समोरच्याच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवायचा आणि मग त्या अर्थावरून त्याला खोटं पाडायचं. भाष्यातलं नेहमीचं उदाहरण ‘नवकंबल’. एकजण म्हणतो, याच्याकडे नवं कांबळं आहे. दुसरा म्हणतो, खोटं, नऊ कुठे आहेत, एकच तर आहे! ‘नव’ म्हणजे नवीनही आणि नऊही.

आता राजद्रोहाचे खटले घ्या. टिळकांवरचा 1897चा खटला ‘केसरी’तल्या मजकुरावर होता, त्यात ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविताही होती. 124अ कलमात तेव्हा मुख्य शब्द होता ‘डिसअफेक्शन’. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलं की याचा अर्थ अफेक्शनचा, म्हणजे प्रीतीचा, अभाव. म्हणजे सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा! जुन्या भारतीय दंडसंहितेच्या मराठी प्रतीत यासाठी ‘अप्रीती’ होतं. घरात नवराबायकोत अप्रीती असते ती वेगळी. सहा युरोपियन ज्युरर दोषी म्हणाले, तिघे हिंदी निर्दोष म्हणाले. शिक्षा दीड वर्षं. नवकंबलच की हे.

1908 साली तर याच्या पुढची पायरी. लेख मराठी, ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी, बहुतेकांना मराठी वाचता येत नाही. म्हणजे शिक्षा ठरणार भाषांतरावर. टिळकांनी स्वतःच बचाव केला, एकवीस तासांच्या वर बोलले, आणि त्यातला मोठा भाग कशावर? कोर्टाच्या भाषांतरकाराने कुठल्या मराठी शब्दाला कुठला इंग्रजी शब्द लावला यावर. त्यांनी त्या भाषांतरकाराची उलटतपासणीही घेतली. या मंचावर आपण जे करतो तेच, फक्त तिथे एका शब्दाच्या चुकीला मंडाले होतं. सात विरुद्ध दोन, सहा वर्षं काळं पाणी.

तेव्हा ‘राजकीय छळ’ हाच शब्द नेमका. कपटही आलं, जाचही आला.

काळा कोट

पोथीनिष्ठ, व्युत्पत्ती झकास. पण ताईंचं पत्रक वाचणारी बाई न्यायदर्शन वाचून रांगेत उभी नसेल. शब्दाचा अर्थ तो वापरणाऱ्याच्या मनात जो असेल तोच.

टिळक निघालेच आहेत तर मदतीची बाजूही सांगतो. 1897 साली त्यांच्यासाठी कलकत्त्याहून प्यू आणि गार्थ हे दोन बॅरिस्टर आले, आणि पैसा बंगालमध्ये वर्गणी करून उभा राहिला. ‘डिफेन्स फंड’ आपल्याकडे तेव्हाही होता. पुढे 1945मध्ये आझाद हिंद फौजेच्या खटल्यांसाठी ‘बचाव समिती’ झाली, लाल किल्ल्यात भुलाभाई देसाई उभे राहिले. ‘बचाव निधी’, ‘बचाव समिती’ हे मराठीत शंभर टक्के रुळलेले शब्द आहेत. ‘ॲडव्होकसी’ला शब्द शोधत बसण्यापेक्षा हे उचला.

आणि एक किस्सा, वकिलांच्या खोलीत नेहमी सांगितला जातो तो. 1897 साली टिळकांचा जामीन मागायला उभे होते दिनशा दावर. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तो दिला. 1908 साली जामीन मागायला उभे जिना, आणि खुर्चीवर न्यायमूर्ती म्हणून कोण? तेच दावर. जामीन नाकारला आणि शिक्षाही त्यांनीच दिली.

मागच्या बाकावरून

आमच्या घरात ‘छळ’ही नव्हता आणि ‘पीडित’ही नव्हतं. वडील ‘आत’ होते. एवढंच. "दादा आत आहेत." शेजारी विचारायचे, "आत कधीपासून?" आणि आई म्हणायची, "दिवाळीच्या आधीपासून."

आणीबाणीतली गोष्ट. नाशिकरोडच्या जेलात. मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवता येणाऱ्या कायद्याखाली, उचलले. मी सातवीत. ‘स्थानबद्ध’ हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्या पोस्टकार्डावर पाहिला, वर सेन्सॉरचा जांभळा शिक्का आणि कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात ‘स्थानबद्ध क्र.’ आणि आकडा. मजकुरातली दीड ओळ काळ्या शाईने खोडलेली. आई ते कार्ड खिडकीत उजेडासमोर धरून खोडलेलं वाचायचा प्रयत्न करायची. अनेक वर्षांनी दादांनी सांगितलं, तिथे फक्त जेवणात अळ्या निघाल्याचं लिहिलं होतं.

त्या काळात ‘कैदी’ म्हटलं की दादा चिडायचे. कैदी म्हणजे खटला झालेला. आमच्यावर आरोपच नाही तर खटला कसला, वकील कसला? हे चिडणं शब्दशः खरं होतं. घटनेच्या 22व्या कलमात अटक झालेल्याला पसंतीचा वकील करायचा हक्क आहे, पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की प्रतिबंधक स्थानबद्धतेला तो लागू नाही. ‘अटक’ आणि ‘स्थानबद्धता’ हे समानार्थी शब्द नव्हेत. एका शब्दात वकील आहे, दुसऱ्यात नाही. ताई, अनुवादात हे दोन शब्द अदलाबदलीने वापरू नका, एवढीच विनंती.

बाकी 1976 या वर्षाचा मला अजून राग येतो. 28 एप्रिलला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असं सांगितलं की आणीबाणीत स्थानबद्धाला हेबिअस कॉर्पस, म्हणजे ‘डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा’ असा आदेश, मागता येत नाही. मुंबईसह नऊ हायकोर्टं त्याआधी स्थानबद्धांच्या बाजूने बोलली होती, ती सगळी पुसली गेली. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात. आणि त्याच वर्षी झालेल्या 42व्या दुरुस्तीत घटनेत 39अ घातलं: गरिबाला मोफत कायदेविषयक साहाय्य! दार बंद करून चौकटीला तोरण.

पोथीनिष्ठ

हेबिअस कॉर्पसला राज्यघटनेच्या मराठी प्रतीत ‘देहोपस्थिती’ आहे. वर्तमानपत्रं हिंदीतून ‘बंदी प्रत्यक्षीकरण’ घेतात. मला पहिला आवडतो. माणूस कुठे ठेवलाय ते सांगू नका, देह आणून उभा करा.

मागच्या बाकावरून

आईला ‘देह’ हा शब्द तेव्हा सांगितला असता तर ती कोसळली असती. देह आणतात तो वेगळा.

पोथीनिष्ठ

मान्य. मागे घेतो.

साष्टीकर

गोव्यातून एक भर. ‘तडीपार’ आणि ‘हद्दपार’ यांत गल्लत नको. तडीपार म्हणजे पोलीस कायद्याखाली जिल्ह्याबाहेर काढणं, मुदत संपली की माणूस परत येतो. मुळात गुंडांसाठीची तरतूद, पण कार्यकर्त्यांवरही चालते. माझ्या कानाला हद्दपार म्हणजे देशाबाहेर किंवा समुद्रापार. गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या आमच्या त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांना 1946मध्ये पोर्तुगीज लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं, ते हद्दपार. इथेच गोव्यात जन्मलेला माणूस, आणि त्याला ‘आपल्या’ देशाच्या तुरुंगात टाकायला हजारो मैल दूर न्यावं लागलं.

आमच्याकडे जुनी माणसं वकिलाला अजून ‘आडव्होगाद’ म्हणतात. पण तो पैसे घेतो. जो बाजू घेतो तो ‘कैवारी’.

काळा कोट

साष्टीकरांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. ‘ॲडव्होकसी’साठी मराठीत ‘कैवार’ आहे, पण कैवार घेणारा वरच्या पायरीवर उभा असतो. देव भक्ताचा कैवार घेतो, मोठा भाऊ धाकट्याचा. राजकीय कैदी बहुतेक वेळा आपल्यापेक्षा जास्त शिकलेला आणि जास्त हट्टी असतो, त्याला कैवारी चालत नाही. त्याला काय करायचं ते तो सांगतो, वकिलाने ते कोर्टात मांडायचं.

म्हणूनच मला ‘अशील’ हा शब्द फार आवडतो. (मोबाइल हमखास ‘अश्लील’ करतो, कोर्टात तो विनोद रोजचा.) अरबीत अस्ल म्हणजे मूळ, असील म्हणजे मूळ माणूस, आणि वकील म्हणजे त्याने नेमलेला. जोडीचे शब्द आहेत. पेशवाईतही वकील काळा कोट घालत नव्हता. दिल्लीला, हैदराबादला जाऊन धन्याचं म्हणणं मांडणारा तो वकील. मूळ तो, मी उसना. हे विसरलेला वकील राजकीय खटल्यात स्वतःच पुढारी होतो आणि अशील मागे बसतो. पाहिलंय मी.

त्यातून ‘वकीलपत्र’. व्यवहारात आपण चिडवायला वापरतो: "तू कशाला त्याचं वकीलपत्र घेतोस?" म्हणजे न मागता बाजू घेणं. पण जेलात उलटं असतं. मी कोरं वकीलपत्र घेऊन जातो, खिडकीतून आत देतो. आत कैदी सही करतो, तुरुंगाधिकारी ती समोर झाल्याचं लिहून शिक्का मारतो, मग कागद बाहेर येतो. कधी तासाभरात, कधी "साहेब राउंडला आहेत" म्हणत दुसऱ्या दिवशी. तो शिक्का नाही तर मी त्याचा कुणी नाही. एकदा एका पोराने सहीच्या जागी सही केली आणि मागे पेन्सिलने बारीक लिहिलं, ‘आईला सांगा कान बरा आहे’. कान कशाने दुखत होता ते मला विचारावंच लागलं नाही. तो कागद तसाच दाखल केला. कारकुनाने मागची बाजू वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता नंबर टाकला.

पोथीनिष्ठ

तर मग मथळ्यात ‘वकीलपत्र’च आणा की.

पानोपानी

सगळ्यांचे आभार. काय ठरवलं ते सांगते.

‘कायदेशीर मदत’ गेलं. ‘पीडित’, ‘बळी’ दोन्ही गेले. ‘छळग्रस्त’ असं एक सुचलं होतं, पूरग्रस्त, धरणग्रस्तच्या चालीवर, पण त्यात करणारा कुणी उरत नाही, छळ आभाळातून पडल्यासारखा वाटतो. ‘छळ’ आतल्या मजकुरात एकदाच ठेवलाय, आणि ‘सरकारकडून’ हा शब्द त्याला चिकटवून, म्हणजे सासू दिसणार नाही. अटक आणि स्थानबद्धता वेगवेगळ्या चौकटीत छापायला सांगितलंय. स्थानबद्धतेच्या चौकटीत पहिली ओळ: ‘आदेशाचा कागद मिळाला असेल तर तो आधी आणा, तारखेसकट.’ कलम 12ची ओळ ठळक.

मथळा मात्र माझा नाही, मागच्या बाकावरच्या आईंचा आहे:

‘घरातलं कुणी आत आहे? वकीलपत्र आम्ही घेतो. पैसे लागत नाहीत.’

‘राजकीय’ हा शब्द मथळ्यातून काढला. वकिलांपैकी एकजण कुरकुरला, पण दुसरी म्हणाली की रांगेत हातात कागद धरलेल्या माणसाला शिपायासमोर तो शब्द दिसायला नको.

मागच्या बाकावरून

आईला वाचून दाखवला. 84 वर्षांची आहे. म्हणाली, "‘आत आहे’ नको, ‘आत आहेत’ लिही. थोरलं माणूसही असतं."

पानोपानी

केलं.