चर्चा: ग्रीस ट्रॅपच्या (मोरीच्या पाण्यातलं तेल अडवणाऱ्या टाकीच्या) सफाईची नोंदवही हॉटेलांना सक्तीची करावी का?

मुदपाक: करावीच. तळणीला दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल लागत असेल तर वापरलेल्या तेलाची नोंद ठेवा, असं एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) 2019 पासून सांगितलंय. मोरीतून जाणाऱ्या तेलाचं काय? मिसळीची तर्री, लोणी, काजूग्रेव्ही, सगळं भांड्यांबरोबर ट्रॅपमध्ये येतं. वरचा थर आणि तळाचा गाळ मिळून पाव उंची भरली की ट्रॅप नीट काम करत नाही, तेल थेट ड्रेनेजमध्ये जातं. लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये 2017 साली चरबी आणि ओल्या वाइप्सचा 130 टनांचा गोळा गटारात सापडला, लांबी 250 मीटर!

चुलवण: दादा, आमची दहा टेबलांची खानावळ. लायसन्सं सांभाळताना जीव जातो, त्यात आणखी एक वही? अशा वह्या महिनाअखेरीस एका बैठकीत भरतात, तुम्हालाही ठाऊक आहे. त्यापेक्षा ताटं धुण्याआधी पुसून घ्या, रोज रात्री जाळीतलं खरकटं काढा.

मुदपाक: ते तर हवंच. पण वहीत नुसती तारीख नको, थर किती इंच तेही लिहा. महिना-दोन महिन्यांत कळतं, आपल्या किचनला सफाई आठवड्याला लागते की पंधरवड्याला. मग ट्रॅप उपसणाऱ्या सक्शनवाल्याला उगाच पैसे जात नाहीत.

रातपाळी: आम्ही उकळतं पाणी आणि साबण ओततो. ट्रॅप साफ होतो.

मुदपाक: साफ होत नाही, तेल पातळ होऊन पुढे सरकतं. पाइपात गार झालं की तिथे थिजतं. कृपा करून हे बंद करा.

सक्शनगाडी: माझा हाच धंदा आहे. चेंबर तुंबलं की रात्री फोन येतो, "पोरगा उतरवा." सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे, तरी फोन येतो. सडलेल्या थराखाली हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचतो. आधी सडक्या अंड्याचा वास येतो, वायू वाढला की नाक बधिर होतं आणि वासच कळत नाही. वही ठेवा, पण गाळ कोणी काढला आणि कुठे टाकला हेही लिहा. काही जण तो पुढच्याच चेंबरमध्ये ओततात.

चुलवण: हे पटलं. गाळाची पावती मी उद्यापासून मागेन. पण गाळ कुठे द्यायचा आणि काय दराने, हे आधी महापालिकेने ठरवून द्यावं. तोवर सक्तीला माझा विरोधच.