मदत हवी आहे : झाडं लावली, आता मंडळ कसं टिकवायचं?

नमस्कार मंडळी. २०१९ च्या महापुरानंतर आम्ही रंकाळ्याजवळच्या मोकळ्या जागेत करंज, बहावा लावायला सुरुवात केली. दर रविवारी आळी करायची, पाणी घालायचं, मग चहा. सगळं एका काकांच्या जिवावर. कुणाची पाळी, शेणखत कुठून, टँकर कधी, सगळं त्यांच्या खिशातल्या डायरीत. यंदा गुडघ्यांमुळे त्यांचं येणं थांबलं आणि आम्ही विसाचे पाच झालो. परवा बघतोय तर नव्या दोन ताम्हणांची पानं करपलेली, आळ्यातली माती भेगाळलेली. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं पाणी घातलं असेल. फार वाईट वाटलं.

काही जण म्हणतात, संस्था नोंदवूया. १८६० च्या कायद्यानं सात जण लागतात, तेवढे जमतील. पण अध्यक्ष-सचिव नेमून माणसं येत नाहीत, असं माझं मत. हे कशासाठी करतोय, ते नवीन पोरांना आम्ही कधी सांगितलंच नाही; त्यांच्या हातात नुसती कुदळ दिली.

अशी मंडळं चालवणाऱ्यांनी सांगा, जबाबदारी आपापसात कशी वाटून घेतली? प्रमुख दरवर्षी बदलता का? एकेका घराला एकेक झाड दिल्यानं फरक पडतो का? उन्हाळ्याआधी घडी बसवायची आहे.